तिसरा मजला, लिफ्ट नाही : लॅब्राडोर आणावा की बीगल?

प्रश्न : आम्ही कोथरूडला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. बिल्डिंग जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी आणि मिस्टर दोघंही नोकरीला. सकाळी नऊला निघतो, संध्याकाळी सातला परततो. घरी सासरे असतात. वय ७१, तब्येत ठणठणीत, रोज सकाळी टेकडीवर जातात. दुपारी मात्र दोन-अडीच तास वाचनालयात असतात. मुलगी ९ वर्षांची. मिस्टरांना लॅब्राडोर हवा आहे, कारण तो शांत. बीगल म्हणे फार हट्टी. मुलीला बीगलच हवा, लहान म्हणून फ्लॅटमध्ये मावेल असं तिचं म्हणणं. दोन-तीन वर्षांत आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाण्याची चिन्हं आहेत. काय करावं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात निकाल लावणारी गोष्ट एकच आहे, आणि ती म्हणजे लिफ्ट नाही. या घरात, आत्ता, लॅब्राडोर आणू नका. बीगल आणता येईल, पण दोन अटी घरातल्या सगळ्यांना मान्य असतील तरच. त्या पुढे येतीलच.

स्वभावाबद्दल मिस्टरांचं म्हणणं खोटं नाही. शिकाऱ्याने पाडलेला पक्षी तोंडात अलगद धरून परत आणून द्यायचा, हे लॅब्राडोरचं पिढीजात काम. त्यामुळे माणसाकडे बघत, त्याचं ऐकत वागणं त्याला सोपं जातं. बीगलचं काम वेगळं. इंग्लंडात सशांच्या मागावर टोळीने सोडलेला हा कुत्रा. नाक जमिनीला लावून पुढे धावायचं, वास सापडला की मोठ्याने ओरडून कळवायचं आणि माग सोडायचा नाही. मागून माणूस हाका मारतोय, याकडे लक्ष देण्यासाठी त्याला कुणी घडवलेलंच नाही. लोक ज्याला हट्ट म्हणतात तो हा. मात्र माणसांशी तो अत्यंत सौम्य असतो, मुलांशीही. दुर्दैवाने याच सौम्यपणामुळे आणि आटोपशीर आकारामुळे प्रयोगशाळांमध्ये कुत्र्यांपैकी सगळ्यात जास्त बीगलच वापरले गेले.

मुलीचा मुद्दा अर्धाच बरोबर आहे. फ्लॅटच्या आत जागा किती, यावर फारसं काही अवलंबून नसतं. पुरेसं फिरून आलेला लॅब, म्हणजे लॅब्राडोर, दिवाणाखाली तासन् तास झोपून राहतो. न फिरलेला बीगल तेवढ्याच वेळात सोफ्याची उशी फाडतो. आकाराचा प्रश्न येतो तो दाराबाहेर, जिन्यात.

पायऱ्या मोजून बघा. मजल्याला २० धरल्या तर तुमच्या दारापासून खालपर्यंत ६० होतात. मोठ्या कुत्र्याला दिवसातून तीनदा तरी, खरं तर चारदा खाली न्यावं लागतं. म्हणजे रोज २४० पायऱ्या उतरायच्या आणि तितक्याच चढायच्या. तीन वर्षांच्या धट्ट्याकट्ट्या लॅबला याचं काही वाटणार नाही. अडचण आयुष्याच्या दोन टोकांना आहे. नॉर्वेत लॅब्राडोरसह चार मोठ्या जातींच्या पिल्लांचा अभ्यास झाला, तो २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांच्या आत जिने चढ-उतर करणाऱ्या पिल्लांमध्ये खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा आजार, हिप डिस्प्लेशिया, जास्त आढळला. मोकळ्या जमिनीवर खेळलेल्या पिल्लांमध्ये कमी. आधीच ही जात या आजाराला बळी पडणारी. म्हणजे पिल्लाला उचलूनच न्यायला हवं. पण लॅबचं पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत १५ किलोच्या आसपास जातं. दिवसा घरी फक्त सासरे. १५ किलोचं वळवळणारं पिल्लू छातीशी धरून त्यांनी ६० पायऱ्या उतरायच्या, हे होणं नाही, आणि होऊही नये.

दुसरं टोक म्हातारपणाचं. लॅब साधारण १० ते १२ वर्षं जगतो आणि शेवटची दोन-तीन वर्षं त्याला बहुधा सांधेदुखी असते. ३० किलोच्या कुत्र्याच्या पोटाखालून टॉवेल घालून, मागचा भार आपण पेलत, चार वेळा जिना उतरवायचा म्हणजे घरात दोन धडधाकट माणसं सतत हवीत. ती नसली की कुत्र्याचं बाहेर जाणंच बंद होतं, आणि हिंडण्या-फिरण्यावर जीव असलेल्या या जातीसाठी ते फार वाईट.

बीगल मोठेपणी ९ ते १३ किलोचा. चार महिन्यांचं पिल्लू पाच-सहा किलोचं, एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या पायांखाली घालून सहज उचलता येतं. पाठ आडवी राहिली पाहिजे, पुढच्या पायांच्या बगलेत धरून लोंबकळत उचलायचं नाही. या जातीत मणक्यांमधल्या चकत्या सरकण्याचा त्रास होतो. त्याच कारणाने त्यालाही पहिले चार महिने उचलूनच न्या आणि पुढेही जिन्यात धावू देऊ नका. १२-१३ वर्षांचा बीगल चालेनासा झाला तर तुमची मुलगी, तोवर मोठी झालेली, त्याला एकटी खाली नेऊ शकेल.

सासऱ्यांच्या हाताचाही विचार करा. लॅबचं पिल्लू दहा महिन्यांत अंगाने जवळजवळ पूर्ण वाढतं, डोकं मात्र दीड-दोन वर्षांपर्यंत पिल्लाचंच राहतं. समोरून दुसरं कुत्रं आलं की २७-२८ किलोचा झटका हाताला बसतो. सपाट रस्त्यावर माणूस सावरतो. जिन्यात ७१व्या वर्षी पडणं म्हणजे खुब्याचं हाड मोडणं. बीगलही ओढतोच, नाक खाली घालून सतत ओढतो, पण धरून ठेवता येतो. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी न लावता, छातीवर पुढच्या बाजूला कडी असलेला हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायचा पट्टा, घ्या. ओढलं की कुत्रं आपोआप बाजूला वळतं आणि जोर कमी होतो. जिन्यात नियम एकच : कुत्रं भिंतीच्या बाजूला, दोरी आखूड, सासऱ्यांचा दुसरा हात कठड्यावर. हातात पिशवी, मोबाइल काही नको.

आता अटी. पहिली अशी की, बीगलला लांब वेळ एकटं ठेवायचं नाही. शतकानुशतकं टोळीत राहिलेली ही जात, एकटेपणा तिला झेपत नाही. घर रिकामं झालं की तो भुंकत नाही, गळा काढतो; लांबलचक, हेल काढलेला आवाज, जो शिकारीत दूरच्या शेतातून ऐकू यावा म्हणून जोपासलेला आहे. जुन्या बिल्डिंगच्या सामाईक भिंतीतून तो सगळ्या मजल्यांवर पोहोचतो. तुमच्या घरी सासरे असतात म्हणूनच बीगलचा विचार करता येतो. ते नसते तर दोन्ही जातींना नाही म्हटलं असतं. वाचनालयाचे ते दोन-अडीच तास हाच तुमचा खरा कसोटीचा काळ, आणि त्याची तयारी पहिल्या आठवड्यापासून करायची.

ती अशी. पिल्लू फिरून, खाऊन, शी-शू करून सैलावलं की त्याच्या जागेवर ठेवा, चघळायला काहीतरी द्या आणि बाहेरच्या दाराबाहेर जाऊन दहा सेकंदांत परत या. जाताना लाड नाहीत, येताना गाजावाजा नाही. दिवसातून पाच-सहा वेळा. दहा सेकंद शांत जमले की तीस, मग एक मिनिट, तीन, पाच. मधूनच सोपी फेरी ठेवा, दर वेळी वेळ वाढवत नेऊ नका. पहिला अर्धा तास गाठायला सगळ्यात जास्त दिवस लागतात, पुढचं भराभर होतं. मधे रडलं तर तुम्ही जास्त लांब उडी मारली एवढाच त्याचा अर्थ. मागच्या टप्प्यावर या. एक महत्त्वाचं : ही शिकवण चालू असताना त्याला खरोखरच तासभर एकटं सोडून गेलात तर आधीची मेहनत वाया जाते. म्हणून पहिले सहा ते आठ आठवडे सासऱ्यांनी वाचनालयाची वेळ तुमच्यापैकी कुणी घरी असेल तेव्हाची ठरवावी. त्यांना हे मनापासून मान्य आहे का, हे पिल्लू आणण्याआधी विचारा. दिवसभराचा खरा भार त्यांच्यावर आहे आणि पत्रात त्यांची पसंती कुठेच आलेली नाही. वर्षाचा झाला की अडीच तास बीगल आरामात काढतो. शॉक देणारे भुंकणं-बंद पट्टे मात्र आणू नका. त्याने एकटेपणाची भीती वाढते, आवाज फार तर काही दिवस थांबतो.

दुसरी अट : मोकळ्या जागी त्याला आयुष्यात कधी सोडायचं नाही. सासरे टेकडीवर जातात हे उत्तम, पण वेताळ टेकडीवर मोर आहेत, मुंगूस आहेत. वास लागलेला बीगल नाक खाली घालून निघतो आणि किलोमीटरभर गेल्यावर मान वर करतो. तिथे रस्ता असेल तर संपलं. हार्नेसला तीन ते पाच मीटरची दोरी लावा आणि त्याला भरपूर हुंगू द्या. बीगल चालून कमी दमतो, हुंगून जास्त दमतो. सकाळी ४५ मिनिटं अशी हुंगत केलेली फेरी आणि संध्याकाळी अर्धा तास, एवढं तरुण बीगलला लागतं. लॅबला दीड-दोन तास आणि त्यात धावणं. पावसात बाहेर पडता आलं नाही तर मुलीला एक काम द्या. जुना टॉवेल जमिनीवर पसरायचा, त्यावर मूठभर म्हणजे ३० ग्रॅम डॉग फूडचे दाणे विखरायचे, टॉवेल घट्ट गुंडाळायचा, मधोमध सैल गाठ मारायची आणि द्यायचा. पहिल्या दिवशी गाठ नको, नुसती गुंडाळी. दाणे रोजच्या खाण्यातलेच वापरायचे, वरचे नाहीत.

वरच्या खाण्यावरून आठवलं, कारण मराठी घरात कुत्र्याची तब्येत बिघडते ती इथेच. दोन्ही जाती खादाड. लॅबच्या खादाडपणाला तर जनुकीय कारणही सापडलं आहे : २०१६मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की, जवळपास पाव हिस्सा लॅब्राडोरमध्ये भुकेशी संबंधित पीओएमसी जनुकाचा एक तुकडा नसतो, आणि अशी कुत्री जास्त खाऊ-खाऊ करतात, जास्त वजनाची असतात. बीगलमध्ये आकडे छोटे असल्याने चूक मोठी होते. ११ किलोच्या, नसबंदी झालेल्या बीगलला दिवसाला साधारण ६०० ते ६८० कॅलरी लागतात. तेल-तूप लावलेली एक पोळी १०० कॅलरीच्या घरात जाते. आजोबांनी प्रेमाने दोन वेळच्या जेवणात एकेक पोळी दिली तर त्याच्या गरजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिथेच भरला, आणि डॉग फूड पूर्ण मापाने चालूच. वर्षभरात १५ किलोचा होईल, पाठीवर ताण येईल आणि जिना अवघड होईल. त्यामुळे सगळं खाणं सकाळी किचनच्या वजनकाट्यावर मोजून एका डब्यात काढा, मोठ्या बीगलला १५० ते १९० ग्रॅम. बक्षिसाचे दाणे त्याच डब्यातून. आजोबांना द्यायचंच असेल तर काकडीच्या चकत्या, गाजर किंवा बिनमिठाची उकडलेली फरसबी द्यावी; बीगलला देण्यातलं प्रेम कळतं, पदार्थ कोणता याने फरक पडत नाही. महिन्यातून एकदा त्याला उचलून घेऊन वजनकाट्यावर उभ्या राहा आणि तुमचं वजन वजा करा. फासळ्यांवरून हात फिरवला की न दाबता बोटांना लागल्या पाहिजेत.

कचऱ्याचा डबा पायाने उघडणारा, जड झाकणाचा घ्या. द्राक्षं, बेदाणे, मनुका त्याच्या हाती लागता कामा नयेत, प्रसादाच्या शिऱ्यातले सुद्धा. काही कुत्र्यांची मूत्रपिंडं थोड्याशाने निकामी होतात. कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेली शुगर-फ्री च्युइंग गमही विषारी. खाल्ल्याचं कळलं तर लक्षणांची वाट न बघता लगेच डॉक्टर गाठा. पहिल्या तास-दोन तासांत उलटी करवता येते. खाताना मुलीने त्याच्या भांड्याला हात लावायचा नाही. काही पळवलंच तर ओढाताण न करता त्याहून चांगलं काहीतरी पुढे करून सोडवून घ्या. तोंडातून हिसकावण्याची सवय लागली तर बीगल गुरगुरायला शिकतो.

कानांकडे बीगलमध्ये जरा जास्तच लक्ष लागतं. लोंबत्या कानाखाली हवा खेळत नाही आणि पुण्याच्या पावसाळ्यात ओल टिकते. आठवड्यातून एकदा कान उलटून वास घ्या. निरोगी कानाला फारसा वास नसतो. आंबूस वास, तपकिरी चिकट मळ, सतत मान झटकणं म्हणजे संसर्ग. डॉक्टरांनी दिलेलं इअर क्लीनर कानात ओता, कानाच्या मुळाशी अर्धा मिनिट चोळा, त्याला मान झटकू द्या, मग बाहेर आलेलं कापसाने पुसा. इअर बड आत घालू नका. गोचिडांचं औषध दोघांनाही महिना न चुकवता लागतं, निदान पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत तरी नक्की. गोचीडताप पुण्यात सर्रास आहे. औषधाचा डोस वजनावर असल्यामुळे लॅबला तेही महाग पडतं, आणि खाणं तर दुपटीने. केस मात्र दोघांचेही गळतात, त्यात बीगलला सूट नाही.

घरात गुळगुळीत फरशी असेल तर त्याच्या वावराच्या पट्ट्यात रबरी मॅट टाका. शी-शूसाठी पहिले दोन-तीन महिने बाल्कनी किंवा बाथरूममध्येच ट्रे ठेवावा लागेल. पिल्लाला उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि एरवी दर दोन तासांनी जायचं असतं. तेवढ्या वेळा तीन मजले कुणी उतरू शकत नाही. शिवाय लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांपर्यंत, रस्त्यावरच्या मातीत त्याला सोडायचंही नसतं, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या संसर्गामुळे. तोवर कडेवर घेऊन खाली जा, रिक्षा, स्कूटर, माणसं दाखवा. पाय टेकू देऊ नका.

पिल्लू कुठून घ्यायचं, यात सगळ्यात जास्त फसवणूक होते. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. ‘पस्तीस दिवसांचं आहे, लवकर न्या, लळा लागतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. इतक्या लहान पिल्लाला आईकडून आणि भावंडांकडून चावण्याचा जोर आवरायला शिकणं बाकी असतं, आणि आजारपणाची भीतीही जास्त. आई प्रत्यक्ष बघायला मागा. आई-वडिलांना झटके, म्हणजे एपिलेप्सी, आहे का हे स्पष्ट विचारा. बीगलमध्ये ते पुढच्या पिढीत येऊ शकतं. केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे, कागद वंशावळ सांगतात, तब्येतीची हमी देत नाहीत. ‘पॉकेट बीगल’ म्हणून जास्त पैसे मागत असतील तर लक्षात ठेवा, अशी वेगळी मान्यताप्राप्त जात नाही. ते खुरटलेलं किंवा कमी वयाचं पिल्लू असतं.

आमचा कल मात्र पिल्लापेक्षा दोन-तीन वर्षांच्या बीगलकडे आहे. हौसेने आणलेले आणि आवाजामुळे सोडून दिलेले बीगल दत्तकासाठी येत असतात. मोठा कुत्रा एकटा किती वेळ राहतो, जिना कसा उतरतो, मुलांशी कसा वागतो, हे आधी बघता येतं, आणि पिल्लाचं वर्षभराचं जागरण वाचतं. सासऱ्यांना घेऊन जा, दोन-तीनदा त्यांच्या हातात दोरी देऊन फिरवून बघा. बंगळूरच्या कुपा या संस्थेतर्फे प्रयोगशाळांमधून सुटलेल्या बीगलांनाही घरं शोधून दिली जातात, पण त्यांना जिना, रस्ता, गोंगाट सगळंच नवं असतं. पहिल्यांदाच कुत्रं पाळणाऱ्या घराने तो वाटा जपून उचलावा.

कुत्रं आलं की रेबीजच्या लशीचं प्रमाणपत्र घेऊन महापालिकेचा परवाना काढा. सोसायटीला कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही, भारतीय पशू कल्याण मंडळाच्या सूचना तशा आहेत. तरी वरच्या-खालच्या घरांना आधी सांगून ठेवा आणि पहिले दोन महिने आवाज आला तर थेट फोन करा म्हणून तुमचा नंबर द्या.

राहिला रिडेव्हलपमेंटचा प्रश्न. भाड्याचं घर बघताना भाडेकरारात कुत्र्याचा उल्लेख करून घ्या. तोंडी होकार पुढे उपयोगी पडत नाही. घर बदललं की एकटं राहण्याची शिकवण पुन्हा दहा सेकंदांपासून सुरू करावी लागेल, त्यासाठी आठवडाभराची रजा हाताशी ठेवा. मिस्टरांचा लॅब मनातून जातच नसेल तर मात्र आत्ता कुठलंच कुत्रं आणू नका. लिफ्ट असलेल्या नव्या घराचा ताबा मिळेपर्यंत थांबा, तोवर मुलगीही तेरा-चौदा वर्षांची झालेली असेल, आणि मग सकाळी एक तास, संध्याकाळी पाऊण तास त्याला कोण नेणार हे ठरवून आई-वडिलांच्या खुब्याचे एक्स-रे दाखवणाऱ्या ब्रीडरकडून लॅब आणा. तेव्हा सासरे पंच्याहत्तरीत असतील, त्यामुळे ती दोरी मिस्टरांच्याच हातात असली पाहिजे.